चोवीस आऱ्यांची तपासणी

सुखराम मेश्राम यांनी चौतीस वर्षं 'नाही' म्हणण्याचा पगार घेतला. जबलपूरच्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत ते परीक्षक होते. दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेला नग समोर आला की तो हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, गेज लावायचा आणि केसाएवढा जरी चुकला असला तरी लाल फराटा ओढून बाजूला ठेवायचा. नग बरोबर निघाला तर ते काहीच बोलत नसत. बरोबर असणं हे नगाचं कर्तव्यच होतं, त्यात कौतुक कसलं?

रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, पण रिटायर माणूस झाला होता, सवय नव्हे. चेरीताल वस्तीतल्या घरात तोफगोळे येत नसल्यामुळे जे येईल ते ते तपासत. फ्रिजचं दार दोन सूत तिरकं होतं. सोफ्याचा मागचा पाय आखूड होता. शेजारच्यांचं नवं बाळ डावीकडे जरा जास्त झुकतं, हे त्यांनी नाव ठेवायच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर सांगितलं होतं आणि तेव्हापासून शेजारी बाळाला खिडकीच्या उलट्या बाजूला निजवत. बायको लताबाई यांना पसंत करण्याचा निर्णय त्यांनी नोकरी लागण्याआधी घेतला होता. तेव्हा हाती गेज नव्हता, म्हणून त्या विषयावर ते मत देत नसत.

जावयाच्या बाबतीत मात्र मत तयार होतं. धम्मदीप वानखडे, राहणार मूळ सिहोरा, रेल्वेच्या सिग्नल विभागात टेक्निशियन. पोरगी नीलिमा हिने तो स्वतः निवडला होता, म्हणजे तपासणीच्या आधीच माल उचलला होता. जबलपूरला बदली झाली, क्वार्टर मिळेपर्यंत वरच्या खोलीत राहतो म्हणाला, त्याला आता दोन वर्षं झाली. जिना चढताना तो मधली एक पायरी गाळायचा. मराठी बोलताना मधले दोन-तीन शब्द गाळून तिथे हिंदी घालायचा. दिवसभर रुळांवर लाल-हिरवे दिवे बघून त्याचं पोट भरत नव्हतं, म्हणून घरी येऊन त्याने लेझरची मशीन बनवायला घेतली होती.

मशीन म्हणजे काय, हे सुखरामजींना त्याने तीनदा समजावून सांगितलं आणि त्यांनी तीनदा न समजल्याचा चेहरा ठेवला. एका डब्यात तीन लेझर. एक लाल, एक हिरवा, एक निळा. तिघांचे किरण काचेच्या तुकड्यांवरून वळवून एकाच रेघेत आणायचे. पुढे नखाएवढे दोन आरसे, ते सेकंदाला हजारो वेळा थरथरतात आणि तो एक किरण भिंतीवर इतक्या वेगाने फिरवतात की माणसाला आख्खं चित्र दिसतं. लग्नात भिंतीवर हिरव्या अळ्या सोडतात त्या मशिनी वेगळ्या, ही शंभर मीटरवरच्या भिंतीवर चित्र काढणार होती.

"म्हणजे एकच ठिपका आहे," सुखरामजी म्हणाले, "आणि तू लोकांना चित्र आहे म्हणून सांगणार."

"मामाजी, वो आँख का खेल है."

फॅक्टरीत डोळ्याचा खेळ करणाऱ्यांना चार्जशीट मिळत असे. सुखरामजींनी मान त्या अर्थाने हलवली. त्यातून या पोराकडे ड्रॉइंग नव्हतं. कुठल्यातरी दाढीवाल्या परदेशी माणसाचे व्हिडिओ बघून तो ही मशीन बनवत होता. टीव्हीवर पोहणं बघून ग्वारीघाटावर नर्मदेत उडी मारावी, तशातला प्रकार.

हे सगळं वरच्या खोलीत राहिलं असतं तर सुखरामजींनी फक्त तुच्छतेवर भागवलं असतं. पण धम्मदीपला ती मशीन बुद्ध पौर्णिमेला विहारासमोर लावायची होती. मैदानापलीकडे पाण्याची मोठी टाकी आहे, तिच्या पांढऱ्या अंगावर चोवीस आऱ्यांचं चक्र फिरणार आणि भोवती पंचशील ध्वजाचे पाच रंग. विहारात काय लागणार आणि काय नाही, हे ठरवणं सुखरामजींचं काम होतं. त्यांना ते कुणी दिलं नव्हतं. खिरीमुळे मिळालं होतं.

बारा वर्षांपूर्वीच्या पौर्णिमेला विहाराच्या मागे मोठ्या कढईत खीर शिजली होती. सुखरामजींनी द्रोणभर चाखली, दोन मिनिटं डोळे मिटले आणि म्हणाले, ओतून द्या. का, ते सांगितलं नाही. परीक्षक कारण सांगत बसत नाही. दोनशे माणसं उपाशी घरी गेली. खीर खरोखर बिघडली होती का, हे कधीच कळलं नाही, कारण ती कुणी खाल्लीच नव्हती. पण त्या वर्षी वस्तीत एकाचंही पोट बिघडलं नाही आणि हा पुरावा सगळ्यांना पटला. तेव्हापासून रीतच पडली. खिरीचा पहिला द्रोण सुखरामजींचा. ते चाखून 'चालेल' म्हणेपर्यंत कढई चुलीवरून उतरवायची नाही आणि कुणी तोंड लावायचं नाही. नियम त्यांनी स्वतः तयार करून, कागदावर लिहून, विहाराच्या स्वयंपाकघरात चिकटवला होता. रिटायर माणसाला कुणी विचारत नाही म्हणतात. सुखरामजींना वर्षातून एकदा दोनशे माणसं रिकाम्या पोटी विचारत.

तर पौर्णिमेच्या आधी आठ दिवस विहारात समितीची बैठक झाली. अध्यक्ष बेबीताई गजभिये. या बाईंना सगळ्यात चांगलं दिसायचं आणि सगळ्यात रडू यायचं, म्हणजे परीक्षक म्हणून शून्य. धम्मदीपने मोबाइलवर चक्राचं चित्र दाखवलं तेव्हाच त्यांचे डोळे भरून आले. पण रीत ती रीत. त्या म्हणाल्या, मेश्रामजी, तुम्ही बघून सांगा.

सुखरामजी तयारीने आले होते. त्यांनी पिशवीतून पत्र्याचा एक तुकडा काढून सतरंजीवर ठेवला.

झालं होतं असं, की पंचशील ध्वजात निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असे पाच रंग असतात. मशिनीत लेझर तीन. त्यात पिवळा नाही. पिवळा कुठून आणणार, असं विचारल्यावर जावई म्हणाला होता, लाल आणि हिरवा मिसळला की पिवळा होतो. सुखरामजींनी ऐकीव माहितीवर आयुष्यात निर्णय दिला नव्हता. खिडकीच्या गजांना लावून उरलेला लाल ऑइलपेंट आणि कुंड्यांना लावून उरलेला हिरवा त्यांनी समान मापाने घेतला, काडीने पाच मिनिटं ढवळला आणि पत्र्यावर नमुना काढला.

नमुना शेणाच्या रंगाचा होता.

"हा यांचा पिवळा," ते म्हणाले. "हा आपल्या ध्वजात लावायचा असन तर समितीनं खुशाल लावावा."

पत्रा हातोहात फिरला. कुणीतरी वास घेऊन पाहिला. धम्मदीप उठला आणि सांगू लागला, की पेंटचं गणित वेगळं, लाइट का अलग, पेंट मिसळला की उजेड कमी होतो, लाइट मिसळला की वाढतो. बोलता बोलता तो पूर्ण हिंदीत गेला आणि मग इंग्रजीत. तिथून तो परत येईपर्यंत लोकांचं मत पत्र्याच्या बाजूने झालं होतं. जे हातात धरता येतं ते खरं, हे सुखरामजींना फॅक्टरीने शिकवलं होतं आणि वस्तीला कुणीच शिकवायची गरज नव्हती.

मग नीलिमा उठली. ती मान वर करून बोलायला लागली की सुखरामजींना स्वतःचा आवाज ऐकू यायचा, म्हणून ते तिच्याकडे बघायचं टाळत.

"बाबा, तुम्ही मशीन न पाहता काहून रिजेक्ट करून राहिले? पौर्णिमेला लावू द्या. पिवळा पिवळा दिसला, चोवीस आरे चोवीस भरले, तर काय कराल ते सांगा."

बेबीताईंनी रुमाल तयार ठेवला. सुखरामजी त्या क्षणी गप्प बसले असते तर गोष्ट इथेच संपली असती, पण चौतीस वर्षांत त्यांचा एकही निर्णय वरून उलटला नव्हता आणि त्या जोरावर माणूस जेवढा मूर्खपणा करू शकतो तेवढा त्यांनी केला.

"तर खिरीचा पहिला द्रोण जावईबापूंचा," ते म्हणाले. "या वर्षीपासून कायमचा. मी रांगेत उभा राहीन."

ते घरी आले तेव्हा लताबाईंनी ताट वाढता वाढता एवढंच विचारलं, की खिरीला मधे काहून आणलं. सुखरामजी म्हणाले, काळजी करू नको, हे होत नाही. पण त्या रात्री त्यांना वरच्या खोलीतला पंख्याचा आवाज बराच वेळ ऐकू आला, आणि तो पंखा नव्हता, मशीन होती.

दुसऱ्या दिवशी ते तपासायला वर गेले. धम्मदीपने आधी त्यांच्या डोळ्यांवर एक जाड केशरी चष्मा चढवला. हा किरण भिंतीवरून परतून डोळ्यात गेला तरी डोळा जाईल, म्हणाला, चष्म्याशिवाय मी मशीन चालूच करत नाही. मग किल्ली फिरवली, भलंमोठं लाल बटण मोकळं केलं आणि म्हणाला, मामाजी, हा हिरवा. सुखरामजींना काही दिसलं नाही. आता निळा. काही दिसलं नाही. तो चष्मा नेमका तेच रंग अडवायला बनवला होता. ही गोष्ट धम्मदीपने सांगितली, पण तोवर सुखरामजींनी डायरीत लिहून टाकलं होतं: दोन रंग येत नाहीत.

"जी वस्तू चालू असताना बघायची नाही, ती तपासायची कशी?" त्यांनी खाली येऊन लताबाईंना विचारलं. लताबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, नका तपासू. असल्या बिनडोक सूचनेची त्यांनी डायरीत नोंदही घेतली नाही.

पौर्णिमेच्या दिवशी मे महिन्याचं ऊन जबलपुरावर मांडी ठोकून बसलं होतं. दुपारी धम्मदीप आणि नीलिमा विहारावर वायर ओढायला गेली. लताबाई खीर शिजवायच्या पाळीला गेल्या. घरात सुखरामजी आणि कूलर. मशिनीचे दोष वेळेआधी लिहून ठेवावेत, म्हणजे संध्याकाळी शोधत बसायला नको, या हेतूने ते डायरी घेऊन वर गेले.

मशीन टेबलावर झाकण उघडं टाकून ठेवलेली होती. बंद होती, किल्ली काढलेली होती. पहिल्यांदाच ती चष्म्याविना बघता येत होती. सुखरामजींनी वाकून पाहिलं आणि त्यांना जरा राग आला. राग यायचं कारण स्क्रू. खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बावीस स्क्रू होते आणि बाविसांच्या खाचा एकाच दिशेला होत्या. हे कुणी सांगून होत नाही. चौतीस वर्षांत त्यांनी असे खाचा जुळवणारे चार फिटर पाहिले होते आणि त्यातले दोन वारले होते. वायरी पाठीला पाठ लावून बांधलेल्या होत्या. तारेच्या टोकाला सोल्डरिंगचा टाका होता, तो मुंगीच्या डोक्याएवढा आणि चकचकीत. दोष लिहायला काढलेलं पेन त्यांनी दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं.

तेवढ्यात त्यांना दिसलं, की कूलरचं तोंड सरळ मशिनीकडे आहे.

उन्हाने आतले लेझर तापू नयेत म्हणून पोराने कूलर लावून ठेवला होता. कूलरमधून ओली हवा येत होती आणि समोर उघड्यावर ते नखाएवढे दोन आरसे आणि काचेचे तीन तुकडे, लखलखीत, अंगावर काही न घालता. फॅक्टरीत एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात आणि ती मेल्यावरच सुटते: चकचकीत भाग ओल्या हवेत उघडा सोडायचा नाही. पाळी संपवून घरी जाण्याआधी त्याला जेलीचा हात द्यायचा, नाहीतर सकाळपर्यंत गंज. हा नियम रिजेक्ट मालालाही लागू असे. नग वाईट असला तरी निकाल लागेपर्यंत तो पुरावा असतो आणि पुराव्याला गंज लागू देणारा परीक्षक हा परीक्षकच नव्हे.

कूलर बंद करणं हाही एक उपाय होता. तो सुखरामजींना सुचला नाही, कारण तो नियमात नव्हता.

फॅक्टरीची जेली घरात नव्हती. पण लताबाईंची टाचांच्या भेगांची होती, कापूर घातलेली, डबीत. त्यांनी खाली येऊन हात साबणाने धुतले, पुसले आणि डबी घेऊन वर गेले. मग करंगळीने, श्वास रोखून, त्यांनी ते दोन आरसे आणि तीन काचा माखल्या. थर इतका पातळ आणि सारखा दिला की नवशिक्याला जेली लावली आहे हे कळूही नये. हे करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते लताबाईंनी पाहिले असते तर त्यांना जुने दिवस आठवले असते. काम झाल्यावर त्यांनी डबी जागेवर ठेवली आणि ते आडवे होऊन शांत झोपले.

चार वाजता बेबीताईंचे फोन सुरू झाले. धम्मदीप धावत आला, मशिनीवर झाकण टाकलं, चार स्क्रू आवळले, तेही खाचा जुळवून, आणि ती चादरीत बांधून घेऊन गेला. सकाळीच सगळ्या काचा स्वतः स्पिरिटने पुसल्या होत्या, परत कशाला बघायचं?

संध्याकाळी वंदना झाली. अंधार पडला तसं मैदान भरलं. मशीन विहाराच्या गच्चीवर होती. किरण लोकांच्या डोक्याच्या खूप वरून जावा, कुणाच्या डोळ्यात जाऊ नये, म्हणून धम्मदीपने जागा दोरी लावून मोजली होती, आणि हे काम त्याने बरोबर केलं आहे असं सुखरामजी मनात म्हणाले, म्हणजे बोलले नाहीत. गच्चीवर फक्त तिघं होती. जावई, नीलिमा आणि परीक्षक. खाली मागच्या अंगणात कढईत खीर उकळत होती आणि वेलचीचा वास वर येत होता. खीर चांगली होती. ते सुखरामजींना वासावरूनच कळलं होतं, पण निकाल वासावर देत नाहीत.

नीलिमाने माइकवरून सांगितलं. मैदानातले दिवे गेले. धम्मदीपने किल्ली फिरवली.

टाकीवर काहीतरी उमटलं. चक्र म्हणावं तर आरे नव्हते. ध्वज म्हणावं तर पट्टे नव्हते. दुधात भिजवलेली फेणी कुणीतरी भिंतीवर फेकून मारावी तसा एक मऊ, फुगलेला, रंग न ठरलेला उजेड टाकीवर पसरला होता. मग मशिनीतून बारीक धूर निघाला आणि गच्चीवर कापराचा वास सुटला. धम्मदीपने लाल बटण दाबलं. अंधार.

खालून पहिला आवाज आला तो असा, की मेश्रामजींनी आधीच सांगितलं होतं. मग दुसरा, की पत्रा दाखवला होता ना. मग सगळेच पत्र्याबद्दल बोलू लागले. ज्यांनी तो पाहिला नव्हता तेही.

सुखरामजींना बरं वाटलं. एवढं बरं त्यांना रिटायरमेंटच्या हारातही वाटलं नव्हतं. ते दोन पावलं पुढे झाले. धम्मदीपने टॉर्चच्या उजेडात झाकण काढलं होतं. त्याने एका काचेच्या कडेला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि हळूच झाकण परत ठेवलं.

"काय निघालं?" सुखरामजींनी विचारलं.

"कुछ नहीं, मामाजी. होता है."

"दोष लिहिल्याशिवाय नग बाजूला ठेवता येत नाही. काय निघालं?"

धम्मदीपने बोट पुढे केलं. टॉर्चमध्ये त्यावरची चमक सुखरामजींनी ओळखली. ती ओळखायला त्यांना अर्धा सेकंद लागला आणि पहिला विचार आला, की थर काय सुंदर बसला होता. दुसरा विचार यायला वेळ लागला. तो असा, की चित्र या थरानेच बिघडलं होतं.

"तुम्ही लावली?" नीलिमाने विचारलं. तिने विचारलं तेव्हा आवाज सुखरामजींचाच होता.

"रहने दे," धम्मदीप म्हणाला. "आरशाला गंज लागू नये म्हणून लावली असंल. मामाजी, कोणाला सांगू नका. मी पाहून घेतो."

आणि त्याने माइक घेतला. गच्चीच्या कठड्यावर वाकून तो लोकांना म्हणाला, की डिझाइनमध्येच गडबड होती, मामाजी बरोबर होते, सॉरी. खाली लोकांनी त्याला समजूतदारपणे टाळ्या वाजवल्या.

सुखरामजींना आयुष्यात पुष्कळांनी शिव्या दिल्या होत्या. एका वेल्डरने तर कँटीनमध्ये ताट फेकलं होतं. पण असं त्यांच्याशी कुणी केलं नव्हतं. हा पोरगा समोर सदोष माल दिसत असताना, हातात पुरावा असताना, दयेपोटी त्याला पास करत होता. आणि माल कोण, तर सुखराम मेश्राम. फॅक्टरीत यापेक्षा मोठा गुन्हा नव्हता. चूक करणाऱ्याला माफी होती. चूक बघून सोडणाऱ्याला नव्हती.

तेवढ्यात बेबीताई जिना चढून वर आल्या. हातात द्रोण. मेश्रामजी, म्हणाल्या, तुमची नजर ती नजर, घ्या. खीर गरम होती. द्रोण हातात आला. दोनशे माणसं खाली मान वर करून उभी होती. फक्त एक घोट घ्यायचा आणि 'चालेल' म्हणायचं. अधिकार शाबूत, पत्रा अमर.

सुखरामजींनी द्रोण कठड्यावर ठेवला आणि जावयाच्या हातातून माइक घेतला.

"मी सुखराम मेश्राम, रिटायर परीक्षक," ते म्हणाले, कारण निवेदन असंच सुरू करतात. "मशिनीत दोष नव्हता. आज दुपारी पावणेतीन वाजता मी तिच्या आरशांना टाचेची जेली लावली. नगात दोष नाही. परीक्षकात आहे. परीक्षक रिजेक्ट."

मग बेबीताई रडल्या.

"पाहा," त्या माइकपाशी तोंड नेऊन हुंदका देत म्हणाल्या, "पाहा, सासरा असावा तर असा. जावयाची लाज राखायला केवढं खोटं बोलून राहिले."

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ओरडलं, मेश्रामजींचं मन लई मोठं आहे. चौतीस वर्षांत कुणी आपल्याला चांगला माणूस म्हणेल अशी एकही जागा त्यांनी सोडली नव्हती, आणि आज दोनशे जण एकदम म्हणत होते, तेही चुकीच्या कागदपत्रांवर. खरं बोललेलं आपलंच निवेदन आपल्यासमोर रिजेक्ट होताना ते पहिल्यांदा पाहत होते, आणि रिजेक्ट करणारे सगळे अडाणी होते.

"जेली आहे," ते माइकमध्ये म्हणाले. "कापराची. लता, सांग यांना."

गर्दीतून लताबाई म्हणाल्या, की डबी तर घरी जागेवर आहे. टाळ्या वाढल्या.

आता एकच मार्ग उरला होता. फॅक्टरीत निकालावर वाद झाला की नगाची फेरतपासणी होते, सगळ्यांसमोर. सुखरामजी धम्मदीपकडे वळले. त्यांनी त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

"धम्मदीप. पुसायला किती वेळ लागन?"

"बीस मिनट. पर मामाजी..."

"मी टॉर्च धरतो."

वीस मिनिटांची पंचवीस झाली. स्पिरिट, लेन्स पुसायचा पातळ कागद, काडीला गुंडाळलेला कापूस. धम्मदीप एकेक काच उचलून पुसत होता आणि सुखरामजी टॉर्च असा धरून होते की सावली पडू नये. मधेच ते म्हणाले, कोपरा राहिला. खरंच राहिला होता. नीलिमा लोकांना माइकवर काहीबाही सांगत होती. दोनशे माणसं उभी होती, कारण खीर अजून पास झाली नव्हती. मागे कढई चुलीवर होती, कारण पास झाल्याशिवाय उतरवायची नाही असा कागद भिंतीवर होता आणि खाली सही होती.

पुन्हा दिवे गेले. पुन्हा किल्ली फिरली.

टाकीवर चक्र आलं. निळं, कडा सुरीने कापल्यासारख्या. ते सावकाश फिरत होतं आणि भोवती पाच पट्टे उभे होते, त्यातला दुसरा पिवळा होता. झेंडूसारखा पिवळा. मैदानातून आवाज आला नाही. एवढी माणसं एकदम गप्प होतात तेव्हा कुणीतरी मेलेलं तरी असतं नाहीतर चुकलेलं तरी.

सुखरामजी मोजायला लागले. चक्र फिरत असल्यामुळे पहिल्यांदा सव्वीस आले. त्यांनी हात वर केला, धम्मदीपने चक्र थांबवलं आणि त्यांनी माइकमध्ये, एकेक करून, बोट दाखवत मोजलं. बाविसाव्यापाशी मैदान त्यांच्याबरोबर मोजायला लागलं. चोवीस. सतरावा आरा किंचित फिका होता. तिथे आरशावर जेली जळून डाग राहिला होता. तो सुखरामजींच्या बोटाचा डाग होता. त्यांना तो दिसला, आणि दुसऱ्या कुणालाही दिसला नाही. त्यांनी डायरी काढली, लिहिलं, आणि मिटली.

मग कठड्यावरचा गार द्रोण बाजूला सारून ते बेबीताईंना म्हणाले, की कढईतून ताजा भरून आणा, नव्या परीक्षकाला. द्रोण आला. त्यांनी तो स्वतःच्या हाताने जावयाला दिला.

द्रोण हातातून जाता जाताच त्यांना वास आला. खीर खाली लागली होती. पंचवीस मिनिटं विनाकारण चुलीवर राहिली की दूध लागतंच. जळकट वास द्रोणाच्या वाफेत सरळ होता, सर्दी झालेल्या माणसालाही कळावा इतका. सुखरामजी जावयाच्या तोंडाकडे बघत राहिले. धम्मदीपने एक घोट घेतला. डोळे मिटले नाहीत, जीभ फिरवली नाही, एक क्षणही थांबला नाही. खाली उभ्या दोनशे भुकेल्या माणसांकडे बघून तो हसला.

"एकदम बढिया. चलो, घ्या सगळे."

लोक कढईवर तुटून पडले.

सुखरामजी जिना उतरून रांगेच्या शेवटी उभे राहिले. त्यांच्या पुढे लताबाई होत्या. त्या द्रोण घेऊन बाजूला झाल्या, चाखली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"लागली आहे ना हो?"

"लागली आहे."

"मंग बोला ना. अजून अर्धी कढई आहे."

सुखरामजींनी टाकीकडे पाहिलं. चक्र पुन्हा फिरायला लागलं होतं आणि सतरावा आरा दर फेरीला वरच्या त्याच जागी येऊन फिका पडत होता.

"माझा अधिकार नाही," ते म्हणाले, आणि द्रोण पुढे केला.